ओरणात कुऱ्हाड चालत नाही

माझं माहेर उत्तर सोलापूर तालुक्यात, नान्नजपासून फार लांब नाही, आणि आमच्या गावाच्या उगवतीला एक मोठा माळ होता. सातबाऱ्यावर गायरान, पण आम्ही सगळे नुसतं माळ म्हणायचो. उन्हाळ्यात तो पार भाजून निघायचा, मुरूम उघडा पडायचा, कुसळं चपलेतून आत घुसायची, आणि पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की हमखास कुणीतरी म्हणायचंच, केवढी जमीन पडीक ठेवलीय हो तुम्ही लोकांनी. त्यावर आबांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, उत्तर ठरलेलं असायचं. "पडीक कशानं? गावची गुरं काय हवा खाऊन जगत्यात व्हय?"

या जानेवारीत जैसलमेर जिल्ह्यात एका सत्तरीच्या उंटवाल्या काकोसांनी मला जवळपास हेच वाक्य मारवाडीत ऐकवलं, फक्त गुरांच्या जागी उंट होते. ते उंट चरत होते ते ओरणात, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या जमिनीत. तेव्हापासून डोक्यात जे चाललंय ते आज एकदाचं लिहून काढतेय. लांबलंय, पण वाचा.

सुरुवात अरवलीपासून करावी लागेल. मी नोकरीमुळे गेली अकरा वर्षं गुरुग्राममध्ये राहते. अरवली हे नाव इथे रोज कानावर पडतं, पण खरं सांगायचं तर डोंगर म्हणून मी तिच्याकडे कधी बघितलंच नव्हतं. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला या टेकड्या म्हणजे काय वाटणार, बुटक्या, खडकाळ, काटेरी झुडपांच्या. माऊंट अबूचं गुरुशिखर १७२२ मीटर आहे, पण गुजरातकडून निघून दिल्लीकडे येता येता ही रांग अगदी जमिनीला टेकते. आणि नेमका याच बुटकेपणावरून वाद पेटला. २० नोव्हेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टानं अरवलीची एक व्याख्या मान्य केली, की आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान १०० मीटर वर उठलेली टेकडी असेल तरच ती अरवली. आता ज्यांनी इथल्या टेकड्या पाहिल्यात त्यांना लगेच कळेल यातून काय काय बाहेर पडतं ते. ज्या टेकड्या आमच्या बोअरवेलला पाणी देतात, पश्चिमेकडची धूळ आणि वाळू अडवून धरतात, त्यातल्या कितीतरी १०० मीटरच्या जवळपाससुद्धा जात नाहीत, आणि व्याख्येच्या बाहेर गेलं की खाणवाल्यांना रस्ता मोकळा.

डिसेंबरभर लोक रस्त्यावर होते, गुरुग्राम, जयपूर, उदयपूर सगळीकडे. आमच्या सोसायटीतल्या ज्या बायका एरवी लिफ्टमध्ये हाय-हॅलोच्या पुढे जात नाहीत त्या हातात पुठ्ठे घेऊन उभ्या होत्या, त्यांच्या शेजारी मेंढरं-शेरडं राखणारे गुर्जर म्हातारे, शाळेची पोरं, आणि मीपण गेले दोन रविवार. २९ डिसेंबरला कोर्टानं स्वतःच आपला तो निर्णय तूर्त थांबवला. त्या संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेढ्यांचे फोटो येत होते.

त्याच दिवसांत मी पहिल्यांदा मांगर बणीत गेले. गुरुग्राम-फरीदाबाद रस्त्यापासून थोडंसंच आत, आणि तरी अकरा वर्षांत मी गेले नव्हते याची खूप खंत वाटली. मांगर, बंधवाडी, बलियावास या गुर्जर गावांची ही बणी, म्हणजे आपली देवराईच. गुदडिया दास बाबांची जागा, तिथली हिरवी फांदी मोडायची नाही हा नियम, आणि तो नियम गाव पिढ्यान् पिढ्या पाळत आलंय म्हणून बाहेर सगळीकडे ते विलायती किकर, म्हणजे आपली वेडी बाभूळच, माजलेलं असताना इथे आत धौचं अख्खं जंगल उभं आहे. धौ म्हणजे आपल्या धावड्याचा सख्खा भाऊ. खडकाच्या फटीतून वर येतो आणि जिथे शेरडं सतत खातात तिथे बिचारा जमिनीसरपट पसरून राहतो, इथे मात्र त्याचे सरळ बुंधे बघायला मिळतात.

पण मांगरची गोष्ट एवढी गोड नाहीये. ही सगळी जमीन शामलात होती, म्हणजे गावाची सामायिक. सत्तर-ऐंशीच्या दशकांत ती कागदावर एकेकाच्या नावावर वाटली गेली आणि वाटली गेली म्हटल्यावर विकली गेली, दिल्लीच्या लोकांना, बिल्डरांना. म्हणजे झाडाला हात लावायचा नाही हे गाव पाळतंय आणि झाडाखालची जमीन भलत्याच्याच नावावर. मग कितीतरी वर्षं गावातल्या तरुणांनी आणि शहरातल्या काही चिकाटीच्या लोकांनी अर्ज, नकाशे, कोर्ट असं करत करत शेवटी ६७७ एकरांची हद्द ठरवून घेतली आणि तिथे बांधकाम होऊ द्यायचं नाही हे सरकारला मान्य करायला लावलं. तिथे भेटलेल्या एका मुलानं मला सांगितलं, दीदी, अरवली बघितलीत ना, आता तिच्या पलीकडे जाऊन ओरण बघा, मग तुम्हाला कळेल आम्ही काय वाचवतोय. म्हणून मी गेले.

रात्रीच्या ट्रेनने जैसलमेर, आणि तिथून जीपने सांवता गावाकडे. दोन्ही बाजूला सपाट, मधूनच दगडाळ मगरे (मगरा म्हणजे तिकडचा खडकाळ उंचवटा, आपल्या माळासारखाच), आणि क्षितिजावर पवनचक्क्या, मोजता येणार नाहीत इतक्या. जिच्या घरी उतरायचं होतं ती माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीची आत्या. दारात गेल्या गेल्या "पधारो बाईसा" म्हणून तिने जे हाताला धरून आत नेलं ते थेट चुलीपाशी. बाजरीचा रोटला, कैर-सांगरीची भाजी, ताक. कैर म्हणजे एका काटेरी झुडपाची छोटी फळं, आणि सांगरी म्हणजे खेजडीच्या वाळवलेल्या शेंगा. मी भाजीचं कौतुक केलं तर ती म्हणाली, जेवून घे, मग ज्याची भाजी खाल्लीस ते झाड दाखवते.

अंगणाच्या मागेच होतं. मी बघितलं आणि बघतच राहिले, कारण ते झाड मला ओळखीचं होतं. बारीक बारीक पानं, खरबरीत भेगाळलेली साल, खोडावर ठेंगणे काटे. अहो, ही तर आपली शमी! आमच्याकडे सौंदड म्हणतात. आबांच्या शेताच्या बांधावर एक होतं, दसऱ्याला सगळा गाव सीमोल्लंघनाला त्याच्यापाशी यायचा, पूजा व्हायची, आणि बाकी वर्षभर त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघायचं नाही. आत्याबाईंना मी हे सांगितलं, की वर्षातून एक दिवस आम्ही याची पूजा करतो, पांडवांनी शस्त्रं ठेवली होती म्हणून, तर त्यांनी विचारलं, आणि खाता काय त्याचं? मी म्हटलं काही नाही. त्या एकदम गप्प झाल्या, मग त्यांनी एक फांदी हाताने वाकवून मला दाखवली, पाला म्हणजे लूंग, तो शेरडांना आणि उंटांना, शेंगा आपल्याला, सावलीत बाजरी चांगली येते, मुळं खोल जातात म्हणून दुष्काळातपण हिरवी राहते. आम्ही वर्षभर खातो बाईसा, म्हणून वर्षभर पूजतो.

याच झाडासाठी १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात ३६३ बिश्नोई माणसांनी जीव दिला हे आपल्यातल्या अनेकांनी कुठेतरी वाचलेलं असतं. राजवाड्याच्या बांधकामाला चुना भाजायला लाकूड हवं होतं, महाराजा अभयसिंहाची माणसं कुऱ्हाडी घेऊन आली, आणि अमृतादेवी झाडाला मिठी मारून उभी राहिली. "सिर सांटे रूंख रहे, तो भी सस्तो जाण", डोकं देऊन झाड वाचत असेल तरी सौदा स्वस्तच समज. ही ओळ तिकडे चौथी-पाचवीतली पोरंसुद्धा धडाधड म्हणून दाखवतात. आणि आज बिकानेरकडे सोलर पार्कसाठी खेजड्या तोडल्या जातायत, रात्रीतून तोडल्या आणि पुरल्या असं लोक सांगतात, आणि बिश्नोई लोक परत धरण्याला बसतायत. जवळजवळ तीनशे वर्षांनी तेच झाड आणि तेच लोक, मला ते ऐकताना अंगावर काटा आला.

आता ओरण म्हणजे काय ते सांगते. शब्द अरण्यावरूनच आलाय म्हणतात. एखाद्या देवाच्या किंवा देवीच्या नावाने सोडलेली जमीन. पूर्वी कुणी ठाकूर किंवा राजा ती सोडायचा, हद्दीवरून दुधाची किंवा गंगाजळाची धार धरून फिरायचे आणि त्या धारेच्या आत पुन्हा कधी नांगर चालवायचा नाही, कुऱ्हाड चालवायची नाही. चराई मात्र सगळ्यांना खुली. हेच मला फार आवडलं. देवाच्या नावावर सोडली म्हणून माणसाला बंदी असा प्रकार नाही, गुरं-उंट-शेरडं येतात, बायका कैर आणि बोरं गोळा करतात, पण पडलेलं लाकूडसुद्धा घरी सरपणाला न्यायचं नाही, देवळाच्या कामाला किंवा कुणाच्या चितेला लागलं तर तेवढंच. कुणी चुकलाच तर पक्ष्यांना दाणे टाकायचा दंड. राजस्थानात अशी सुमारे २५ हजार ओरणं आहेत आणि सगळी मिळून ६ लाख हेक्टरच्या आसपास जमीन होते. सांवत्याजवळचं देगराय मातेचं ओरण त्यातलं मोठं, साधारण ६० हजार बिघ्यांचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही देगरायला गेलो. देऊळ, समोर तलाव, आणि तलावाकाठी कुरजां, म्हणजे ते करड्या रंगाचे नाजूक करकोचे, शेकडोंनी, सगळे एकदम बोलत होते. त्या तलावात पाणी येतं ते आगोरातून. आगोर म्हणजे पाणलोटाची जमीन, तिथे कुणी चप्पल घालूनही जात नसत असं जुनी माणसं सांगतात. सूर्य वर आला तसे उंट यायला लागले. रात्रभर ते ओरणात मोकळे असतात, कुणी राखण नाही, दावं नाही. काकोसा (ज्यांचं वाक्य मी वर लिहिलंय ते हेच) वाळूवरचे ठसे बघत बघत मला सांगत होते की ही माझी सांडणी, ही शेजाऱ्याची, आणि ही बघा हिच्यासोबत टोडियो आहे, म्हणजे पिल्लू, चार दिवसांचं, पुढचा डावा पाय जरा ओढतंय. मला तिथे नुसते खड्डे दिसत होते. अर्ध्या तासाने एका जाळीच्या झाडामागून ती उंटीण आली आणि मागे ते पिल्लू, लोकरीचा गोळा नुसता, आणि पुढचा डावा पाय खरंच जरा ओढत होतं. काकोसांनी त्याचा पाय मांडीवर घेतला, खुराच्या मऊ गादीतून एक काटा काढला, थुंकी लावली आणि सोडून दिलं. मग म्हणाले, सरकारच्या कागदात ही सगळी जमीन बंजर लिहिलीय, तर मग हे उंट काय वारा खाऊन मोठे झाले?

सगळं दुखणं या एका शब्दात आहे. महसुलाच्या नोंदीत ओरण ओरण म्हणून चढलेलीच नाही बऱ्याच ठिकाणी. ती चढलीय सिवाय चक म्हणून, म्हणजे कुणालाच न दिलेली सरकारी जमीन, किंवा गैर मुमकिन, किंवा बंजर. आपल्याकडे सातबाऱ्यावर पोटखराबा लिहितात ना, त्याच जातीचे शब्द आहेत हे. ज्या जमिनीतून महसूल येत नाही ती वाया गेलेली, हे मोजमाप इंग्रजांच्या काळापासून चालत आलेलं. देगरायच्या ६० हजार बिघ्यांपैकी २४ हजारच २००४ साली ओरण म्हणून कागदावर आले. उरलेले कागदावर मोकळे, आणि कागदावर मोकळी जमीन दिसली की ती कंपनीला द्यायला सरकारी ऑफिसात कुणाचा हात अडखळत नाही. तिथल्या लोकांना कित्येकदा जमीन गेल्याचं कळतं ते जेसीबी आल्यावर.

मी सोलरच्या विरोधात नाही, हे स्पष्ट लिहिते. माझ्या भावाच्या शेतात सोलर पंप आहे आणि त्याच्यामुळे त्याची रात्री-अपरात्री मोटार चालू करायला जायची दगदग वाचलीय. पण उन्हातून वीज करायला शेकडो वर्षं राखलेली कुरणंच का लागतात, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही. स्वस्तात आणि एकगठ्ठा मिळतात म्हणून, एवढंच खरं कारण दिसतं.

आणि मग तारा. पवनचक्क्यांपासून आणि सोलरपासून वीज न्यायच्या हाय टेन्शन तारा ओरणाच्या डोक्यावरून जातात. आता इथे मला परत नान्नजला यावं लागेल, कारण गोष्ट माळढोकाची आहे. मी सहा-सात वर्षांची असताना आबांनी मला खांद्यावर बसवून दाखवला होता, लांबवर, ज्वारीच्या पलीकडे, मान उंच करून चालणारा, मला आधी माणूसच वाटला. आबा त्याला हूम म्हणायचे, नराच्या आवाजावरून. एवढा जड पक्षी, दहा-पंधरा किलोचा, आणि त्याची नजर बाजूंना चांगली पण समोर कमी, त्यामुळे उडताना समोरची तार त्याला दिसते तोवर वळायला वेळच उरत नाही. आज देशात सगळे मिळून दीडशेच्या आसपास उरलेत आणि त्यातले बहुतेक जैसलमेरच्या या पट्ट्यात. २०२० साली याच देगरायच्या ओरणात तारेला धडकून एक मेला. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासात थरच्या वाळवंटातल्या साधारण ४२०० चौरस किलोमीटरच्या भागात तारांमुळे वर्षाला सुमारे ८४ हजार पक्षी मरतात असा अंदाज निघाला होता, सगळ्या जातींचे मिळून. एप्रिल २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं तारा जमिनीखालून न्यायला सांगितल्या, मार्च २०२४ मध्ये तो आदेश बराच सैल झाला आणि विषय समितीकडे गेला.

तारेखाली फिरून मेलेले पक्षी शोधायचे, फोटो काढायचे, कुठल्या खांबापाशी ते लिहून ठेवायचं, हे काम तिथली पोरं करतात. कुणी दुकान सांभाळून, कुणी गुरं राखून. धोलिया गावचा राधेश्याम पेमाणी बिश्नोई यातला सगळ्यात माहितीतला होता. जखमी चिंकारे घरी आणून बरे करणारा, उन्हाळ्यात जनावरांसाठी पाण्याच्या खेळ्या म्हणजे हौद बांधून टँकरने भरणारा, माळढोकासाठी गावोगाव फिरणारा. मे २०२५ मध्ये रात्री शिकारी आल्याची खबर मिळाली म्हणून साथीदारांबरोबर निघाला आणि लाठीजवळ गाडीला अपघात झाला. २८ वर्षांचा होता. त्याचं नाव निघालं की तिकडे लोक बोलताना मध्येच थांबतात.

तिसऱ्या दिवशी मी परिक्रमेत थोडं चालले. ओरणाच्या हद्दीवरून पायी फिरायचं, ही जुनी चाल आहे, आणि आता तिला नवं काम लागलंय. पुढे देवीचं निशाण, मागे म्हातारी माणसं, बायका, आणि सगळ्यात मागे दोन पोरं हातात फोन घेऊन. म्हातारा काठीने दाखवायचा, "इण जाळ सूं उण मगरे तांई", या जाळीपासून त्या मगऱ्यापर्यंत, की पोरगं तिथे उभं राहून जीपीएसचा पॉइंट घेणार, जागेचं नाव विचारणार, खसरा नंबर (आपला गट नंबर) लिहिणार. प्रत्येक जागेला नाव होतं. एका खड्ड्याला, एका एकट्या झाडाला, एका उताराला. मला आधी वाटलं हा श्रद्धेचा भाग असेल, मग त्या पोराने समजावलं की पटवारीकडे अर्ज नेला की तो विचारतो ओरण कुठून कुठपर्यंत, आणि आजोबा गेले की ते सांगणारं कुणी उरत नाही. म्हणून आधी नावं गोळा करायची.

हे सगळे नकाशे, अर्ज वाया जात नाहीत याचा पुरावा आहे. अलवरकडे अरवलीत ओरणांवर तीस-एक वर्षं काम करणारे अमन सिंह सुप्रीम कोर्टात गेले होते, आणि १८ डिसेंबर २०२४ ला कोर्टानं राजस्थान सरकारला सांगितलं की प्रत्येक ओरण, देवबनी जमिनीवर जाऊन आणि सॅटेलाइटवरून मोजा, वन म्हणून नोंदवा, आणि ज्या गावांनी ती राखली त्यांना वनहक्क कायद्याखाली ती सांभाळायचा अधिकार द्या. तो शेवटचा भाग माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. कारण त्याच वर्षाच्या सुरुवातीला सरकारनं ओरणं 'मानीव वन', म्हणजे कायद्यापुरती वनच, धरायची म्हटल्यावर गावंच घाबरली होती, की उद्या फॉरेस्टवाले कुंपण घालून आमचे उंट आणि आमचा डिंक बंद करतील, तर आम्ही जायचं कुठे.

लोकांची ही भीती मला लगेच पटली कारण मी नान्नजची आहे. आमच्याकडे १९७९ साली माळढोक अभयारण्य झालं, तब्बल ८४९६ चौरस किलोमीटरचं. त्याच्यात गावं आली, बाजारपेठा आल्या, रस्ते आले, कुणाची विहीर आली, कुणाची द्राक्षबाग. जमिनीचे व्यवहार अडले, परवानग्या अडल्या, आणि पोरीच्या लग्नाला जमीन विकायला निघालेला माणूस कुणाला शिव्या देणार, तर पक्ष्याला. मी लहान असताना पारावर कानाने ऐकलंय की हे पाखरू एकदाचं मरू दे म्हणजे आपण सुटलो. ज्याच्या आवाजावरून आबांच्या पिढीने नाव ठेवलं त्याच पाखराबद्दल. पुढे अभयारण्य कमी करून १२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, पण तोवर मनं फिरली होती आणि माळही उसाखाली, प्लॉटखाली गेले होते. वनखात्याचे काही लोक खरंच जीव ओतून काम करत होते, मी त्यांना दोष देत नाही. पण नान्नजला कागद होता आणि गाव सोबत नव्हतं, देगरायला गाव आहे आणि कागद अपुरा. माळढोक आज जिथे टिकून आहे तो देगरायचाच पट्टा, आमचा नाही. आमच्याकडे आता एखादा दिसला तर पेपरात बातमी येते.

अलवर जिल्ह्यातल्या भांवता-कोल्याळा गावाबद्दल मी आधी वाचलं होतं, परतीच्या वाटेवर तिथे जायचं होतं पण रजा संपली. अरवरी नदीच्या उगमाजवळचं गाव, तरुण भारत संघ या संस्थेच्या मदतीने लोकांनी जोहड, म्हणजे पावसाचं पाणी अडवायचे मातीचे बांध, बांधले, डोंगर राखला, आणि १९९५ साली भैरोंदेवाच्या नावाने स्वतःचं लोक अभयारण्य जाहीर केलं, सरकारने नव्हे, गावाने. कोरडी पडलेली अरवरी परत वाहायला लागली. मार्च २००० मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन त्या गावात जाऊन लोकांना पुरस्कार देऊन आले. नदीकाठच्या सत्तरेक गावांनी मिळून अरवरी संसद काढली, पाणी किती आणि कुणी उपसायचं ते ठरवायला. पुढच्या वेळी तिथे नक्की जाणार.

आता माझ्या गावाचं. आमच्या गायरानाचा बराचसा भाग गेलाय. थोडं अतिक्रमणात, थोडं एका सरकारी कामाला, थोडं कसं गेलं ते कुणीच नीट सांगत नाही. एका ऑफिसात भावाने दोनदा नकाशा मागितला, दोन्ही वेळा पुढच्या महिन्यात या म्हणाले. शिल्लक चाळीसेक एकर असेल, तेही चुलतभावाच्या अंदाजाने. जैसलमेरहून आल्यावर मी भावाला फोन केला तर तो म्हणाला, ताई, तिथे आता आहे काय, पडीक तर आहे. आबांचा नातू. मी त्याच्यावर चिडले नाही, त्याला उंटाच्या त्या पिल्लाची गोष्ट सांगितली, मग तो थोडा वेळ काही बोलला नाही आणि म्हणाला, बरं, ग्रामसभेत विषय काढतो, पण हद्द कुठून कुठपर्यंत सांगू?

म्हणून गेले तीन आठवडे मी आणि आई रोज रात्री फोनवर नावं काढतोय. आईचं वय त्र्याहत्तर, लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्या माळावर शेण्या वेचायला जायची. म्हसोबाचा खडक, करडीचा उतार, वाण्याची बोर, दोन दगडांची वाट. काही नावं तिला लगेच आठवतात, काही मध्येच भाकरी थापताना आठवतात आणि मग ती मला दिवसा ऑफिसात फोन करते, मिटिंग असली तरी मी उचलते. भावाने गावातल्या आणखी दोन म्हाताऱ्या माणसांना विचारून सहा नावं दिली, त्यातली चार आईशी जुळली. मी सगळी एका वहीत लिहितेय, कुठल्या बाजूला काय, कशाच्या पुढे काय.

काल रात्री साडेदहाला फोन आला. म्हणाली, अगं एक राहिलंच, तुझे आबा जिथे बसायचे ना सकाळचे, तळ्याच्या वरल्या अंगाला, ते हुमाचं टेकाड. मी विचारलं, आई, तू बघितलास तिथे कधी हूम? ती म्हणाली, बघितला म्हणजे, चारपाच असायचे की पावसाळ्यात, त्यांच्यामुळेच तर नाव. वहीत सतरावं नाव म्हणून ते लिहिलंय. पाडव्याला गावी जातेय, भाऊ म्हणालाय फोनमध्ये ते जीपीएसचं टाकून ठेवतो, आई पण येते म्हणतेय माळावर, गुडघे दुखतात तरी.